पाणी बघून पिणाऱ्या बाई

कुणीही पाण्याचा ग्लास पुढे केला की बाई तो आधी उजेडाकडे धरायच्या. खिडकी असेल तर खिडकीकडे, नाहीतर दिव्याकडे. एक डोळा बारीक करून आरपार बघायच्या, ग्लास जरासा फिरवायच्या आणि मग एका दमात रिकामा करायच्या. हॉटेलात, विमानतळावर, डीनच्या घरच्या पार्टीत, मराठी मंडळाच्या गणपतीत, कुठेही. मंडळातल्या काकूंना याचा फार राग. "अहो, आमच्याकडचे ग्लास डिशवॉशरमधून निघतात!" असं एकीने त्यांना तोंडावर सुनावलं होतं.

"ग्लास नाही बघत, पाणी बघते," बाई म्हणाल्या.

एवढ्याने काकूंचं समाधान झालं नाही, हे सांगायला नको.

मंडळात बाईंनाही सगळे काकू म्हणायचे आणि विद्यापीठात डॉक. मी बाई म्हणायचे. नागपूरला आमच्या शाळेत शिकवणारीला बाईच म्हणत. शिवाय मला काकू जोडायची हौस नव्हती. अमेरिकेत आल्याआल्या भेटणारे काका-काकू पहिल्या वाक्यात आडनाव विचारतात, आणि आडनावावरून अंदाज आला नाही तर दुसऱ्या वाक्यात वस्ती. तुम्हीही हे ऐकलं असेल, विचारलंही असेल. मी स्पष्टच सांगते, जातीला व्हिसा लागत नाही.

बाईंनी मला आडनाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "लहानपणी तुमच्याकडे पाणी कुठून यायचं?"

मी म्हटलं, "बाई, हा प्रश्न आडनावापेक्षा वाईट आहे. पाणी कुठून यायचं ते सांगितलं की माणूस गावाच्या कुठल्या टोकाला राहत होता ते कळतं."

बाईंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं विचारतेय मी हे सगळ्यांना. कुणी सांगितलं नाही." आणि लगेच, "पण मग प्रश्न चांगला आहे की! उत्तर देणाऱ्याला नाही, विचारणाऱ्याला जड जातो."

पण त्या ग्लासाची गोष्ट अजून राहिलीच. मी तेव्हा विद्यापीठाजवळच्या कॅरी गावात आत्येभावाकडे राहत होते. दादा एका कॉम्प्युटर कंपनीत होता. तोच मला सकाळी विद्यापीठात सोडायचा आणि संध्याकाळी न्यायचा. एकदा त्याला ऑफिसात थांबावं लागलं, म्हणून बाईंनी मला त्यांच्या जुन्या गाडीतून घरी आणलं. वहिनींनी आग्रहाने आत बोलावलं. तेवढ्यात दादाही पोचला. आमच्या हॉलच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी निळ्या कोटातला तो फोटो, जो आमच्या प्रत्येक घरात असतो. बाईंनी दोन्हीकडे बघितलं, सोफ्यावर बसल्या. वहिनींनी पाणी आणलं. बाईंनी ग्लास उचलला आणि ट्यूबलाइटकडे धरला.

वहिनींचा चेहरा उतरला. माझं डोकं फिरलं. बाईंची ही सवय मला तोवर माहीत नव्हती. मी उभी राहिले आणि विचारलं, "बाई, आमच्याकडचं पाणी चालतं ना तुम्हाला?"

"अगं!" दादा ओरडला. "काय यार तू! प्रोफेसर आहेत त्या तुझ्या! सेमिस्टर आत्ता स्टार्ट झालंय!"

बाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि गोऱ्या पुणेरी गालांवर लाली चढत गेली. त्यांनी ग्लास रिकामा केला, वहिनींच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आणखी एक द्याल?" दुसरा ग्लासही त्यांनी दिव्याकडे धरला. तो संपवून मला म्हणाल्या, "विचारलंस ते बरं केलंस. मनात ठेवून वर्षभर मला गुड मॉर्निंग म्हणत राहिली असतीस तर मला पत्ताही लागला नसता. शंका घेतलीस, बरोबर घेतलीस. आता तपासून बघ."

मी आजही म्हणते, माझ्या शंकेत काही चुकलं नव्हतं. या वेळी माणूस वेगळा निघाला, एवढंच. एका तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी ज्यांच्या आजोबांनी डोकी फोडून घेतली, त्यांनी पाण्याकडे बघणाऱ्याकडे बघायचं नाही तर कुणी बघायचं?

तर मी तपासायला लागले.

बाई मातीच्या रसायनशास्त्रातल्या. लग्न करून डॉक्टर नवऱ्याबरोबर फार पूर्वी इकडे आलेल्या, इथेच शिकलेल्या. नवरा गेल्यावर, मुलगी दूर नोकरीला लागल्यावर, त्यांनी रसायनशास्त्राची सुखाची खुर्ची सोडून एक नवा अभ्यासक्रम उभा केला. 'सस्टेनेबिलिटी' हा शब्द तेव्हा कोरा करकरीत होता. डीन तो भाषणात कोटाला लावायच्या फुलासारखा वापरायचे. शाश्वत विकास वगैरे भाषांतरं आम्ही मराठी मुलं करायचो. बाई म्हणायच्या, "पुरवून वापरणं. आपल्या आया करायच्या ते. आणि मागून येणाऱ्यासाठी ठेवणं."

वर्गात पाच खात्यांतले पाच जण आणि गोल टेबल. नियम असा, की पहिला महिनाभर कुणी स्वतःच्या विषयाचं काम करायचं नाही. इंजिनिअरने मुलाखती घ्यायच्या, कायद्याच्या मुलीने विहिरीतून बाटल्या भरायच्या, अर्थशास्त्रवाल्याने प्रयोगशाळेत उभं राहायचं, समाजशास्त्राच्या ब्रायनने नकाशे काढायचे. मला काउंटीचे, म्हणजे इकडच्या जिल्ह्याचे, पाणीपुरवठ्याचे कायदे वाचायला दिले. मी चिडले. "मला रस्त्यावर उतरायची सवय आहे, बाई."

"उतर की," त्या म्हणाल्या, "पण रस्ता कुणाच्या मालकीचा आहे ते वाचून उतर."

माझं शिक्षण पत्रकांवर झालेलं. कॉलेजात असताना आम्ही सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायचो, शाई कोपरापर्यंत. प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह. बाईंनी माझा पहिला निबंध परत दिला तेव्हा त्यावर एकच शेरा होता. शेरा कसला, तो त्यांचा मंत्रच होता. "विशेषणं काढ. मग बघ किती राग उरतो. उरेल तो खरा."

"लोक विष पितायत आणि तुम्ही विशेषणं मोजताय!"

"मोजत नाही, काढतेय."

विष मी उगाच म्हणत नव्हते. आमच्या विद्यापीठापासून पूर्वेला, दोनेक तासांच्या ड्राइव्हवर, काळ्या लोकांची एक छोटी वस्ती होती. शेजारी डुकरांचे मोठे फार्म. हजारो डुकरांचं मलमूत्र उघड्या तळ्यांत साठवलेलं. कंपनी त्या तळ्यांना 'लगून' म्हणते. ऐकणाऱ्याला वाटावं, नारळाची झाडं असतील काठावर. ते झिरपून वस्तीच्या विहिरींत नायट्रेट उतरलं होतं. त्याला रंग नाही, वास नाही. मोठ्यांना पटकन काही होत नाही. पण त्या पाण्यात तान्ह्या बाळाची दुधाची पावडर कालवली तर बाळ निळं पडू शकतं. काउंटीची पाण्याची पाइपलाइन वस्तीच्या अलीकडे, गोऱ्यांच्या शेवटच्या घराशी येऊन थांबलेली. ती पुढे न्यायची की नाही, हे काउंटीचे निवडून आलेले कमिशनर ठरवणार होते. आमच्या वर्गाला त्या विहिरी तपासायच्या होत्या, लोकांशी बोलायचं होतं आणि काउंटीला अहवाल द्यायचा होता.

विहिरी नीट तपासल्या. त्यात कुणी बोट ठेवू शकलं नाही. लोकांशी बोलण्यासाठी आम्ही वस्तीतल्या शाळेत सभा ठेवली. पाचही जणांची टाइमटेबलं जुळवली तेव्हा सगळ्यांना मोकळी अशी एकच वेळ निघाली, बुधवार संध्याकाळ. शाळेच्या दारावर सूचना चिकटवली, खुर्च्या मांडल्या, कॉफी केली, डोनट ठेवले. कुणीही आलं नाही. पुढच्या बुधवारी पुन्हा मांडल्या. पुन्हा कुणी नाही. रस्त्यापलीकडच्या चर्चमधून गाण्याचा आवाज येत होता. "काय सुंदर गातात!" ब्रायन म्हणाला आणि नीट ऐकू यावं म्हणून त्याने खिडकी उघडली. बाईही टेबलावर बोटांनी ताल धरून ऐकत बसल्या. मग आम्ही आमचे डोनट खाल्ले आणि घरी आलो.

अहवालात एक वाक्य गेलं: 'स्थानिक रहिवाशांमध्ये या विषयाबद्दल उदासीनता आढळते.' लिहिलं ब्रायनने, वाचलं आम्ही सगळ्यांनी, सही बाईंची.

काउंटीने अहवालातलं नायट्रेट बाजूला ठेवलं आणि तेवढं वाक्य उचललं. विद्यापीठच म्हणतंय लोकांना रस नाही, मग एवढा खर्च कशाला? पाइपलाइनचा विषय बाद होण्याच्या बेतात आला. एक शेवटची सुनावणी तेवढी उरली होती.

मी रात्रीचं जेवण टाकून पत्रक लिहिलं. तहानलेल्यांना उदासीन म्हणणाऱ्यांचा धिक्कार असो, वगैरे. बाईंनी पेन्सिल घेतली. शेवटी उरलं ते असं: 'तुमच्या विहिरीत नायट्रेट आहे. सोमवारी सुनावणी आहे. या.' मला ते पत्रक फार आवडलं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

शनिवारी आम्ही दोघी घरोघर ते वाटायला गेलो. पहिलंच घर मिस लोटींचं. तिकडे वडीलधाऱ्या बायकांना नावाआधी मिस लावतात, आपण मावशी लावतो तसं. त्यांच्या नातीला नुकतंच बाळ झालेलं. त्याच्या दुधासाठी त्या दुकानातून पाण्याचे कॅन आणायच्या. त्यांनी आम्हाला व्हरांड्यात बसवलं आणि गोड थंड चहा आणला. काळा, दाट. बाईंनी ग्लास उन्हाकडे धरला.

मिस लोटी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "काय शोधतेस गं, प्रोफेसर? माशी?"

"सवय आहे," बाई म्हणाल्या.

"मग? काय दिसलं?"

"लिंबू."

मिस लोटी इतक्या हसल्या की आतून बाळ रडायला लागलं. मग मी पत्रक दिलं आणि आपल्या स्वभावाप्रमाणे थेट विचारलं, "दोन वेळा सभा ठेवली. आला का नाहीत?"

"कधी ठेवलीत?"

"बुधवारी संध्याकाळी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं मी काहीतरी उद्धट बोलले. मग त्या हळूच म्हणाल्या, "पोरी, बुधवारी संध्याकाळी आम्ही सगळे चर्चमध्ये असतो. प्रार्थना असते, गाणी असतात, मग एकत्र जेवण. माझ्या आजीच्या वेळेपासून. शाळेत तुमचे दिवे दिसत होते. आम्हाला वाटलं तुमची तुमची काही मीटिंग असेल. मी तर म्हटलंही, आटोपलं की येतील इकडे जेवायला. दोन्ही वेळा चिकन काढून ठेवलं होतं तुमच्यासाठी."

बाईंनी ग्लास खाली ठेवला. अर्धा. हातात घेतलेलं त्यांनी अर्धं टाकलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी आधी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाल्या, "गाणं ऐकू येत होतं. पाच शाखांची माणसं होतो आपण, मी धरून सहा. खिडकी उघडून ऐकत होतो. एकालाही वाटलं नाही, की गातंय कोण?"

ते वाक्य मागे घेणार असं बाईंनी डीनना कळवलं होतं; त्यावर सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला, हे त्यांनीच मला सुनावणीला जाताना सांगितलं. अभ्यासक्रम पुढे चालू ठेवायचा की नाही, हे वसंतात ठरायचं होतं. चारही बाजूंची खाती टपून बसलेली. रसायनवाले म्हणत हे रसायन नाही, समाजशास्त्रवाले म्हणत हे समाजशास्त्र नाही. डीनचं म्हणणं होतं, दुरुस्ती जरूर पाठवा, पण नंतर, गाजावाजा न करता.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, नंतर पाठवली तर अहवाल दुरुस्त होईल. नळ नाही येणार."

सुनावणीला हॉल भरला होता. पत्रकाने आलेली ती सगळी 'उदासीन' माणसं मागच्या बाकांवर, चर्चला जातानाच्या कपड्यांत. अध्यक्षांनी ते वाक्य पुन्हा वाचून दाखवलं, सावकाश, चव घेत. मिस लोटी मांडीवरचं बाळ थोपटत होत्या. बाई उठल्या. निळी साधी साडी, वर कोट.

"ते वाक्य माझ्या सहीचं आहे, आणि मी ते मागे घेते," त्या म्हणाल्या. "आम्ही सभा बुधवारी संध्याकाळी ठेवली."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. पुढेही एकदोघांनी मान खाली घातली.

"या काउंटीत बुधवारी संध्याकाळी माणसं कुठे असतात, ते आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही विचारलं नाही. ती आमची चूक." बाईंनी समोर बसलेल्या कमिशनरांकडे एकेक करून बघितलं, ग्लासातल्या पाण्याकडे बघायच्या तसंच. "पण तुम्हाला माहीत होतं. बुधवारी तुम्हीही चर्चमध्येच असता."

आणि खाली बसल्या.

मी त्या बोलण्यात विशेषण शोधत होते. एकही नव्हतं. मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली, माइक फाटेपर्यंत ओरडलेली. इतकं जहाल एकही नाही.

निर्णय त्या दिवशी झाला नाही. पुढची सुनावणी घ्यायचं ठरलं, वस्तीतल्या चर्चच्या जेवणाच्या हॉलमध्ये, बुधवारी, जेवणानंतर. कमिशनर आले, चिकन खाल्लं, आणि बहुमताने पाइपलाइन मंजूर करून गेले.

वसंतात आमचा अभ्यासक्रम बंद झाला. कारण दिलं ते 'शास्त्रीय काटेकोरपणाचा अभाव', आणि पुरावा म्हणून बाईंचंच भर सभेतलं बोलणं. त्यांनी चूक कबूल केली, म्हणून चूक फक्त त्यांची ठरली. मी पेटले. डीनविरुद्ध दोन पानी पत्रक लिहून बाईंपुढे टाकलं. त्यांनी नेहमीची पेन्सिल घेतली आणि विशेषणं काढत गेल्या. शेवटी पानावर डीनचं नाव तेवढं उरलं.

"बघ," त्या म्हणाल्या, "हा राग माझ्यासाठीचा आहे, नळासाठीचा नाही. हे छापू नकोस." आणि मग, पेन्सिल टेबलावर ठेवत, "पण कागद मला दे. असा राग माझ्यासाठी कुणी केला नव्हता."

त्या निवृत्त झाल्या आणि मुलीकडे बॉथेलला गेल्या, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. मी डिग्री घेऊन त्याच काउंटीत एका छोट्या संघटनेत कामाला लागले. फोन केला की नात उचलायची आणि इंग्रजीत ओरडायची, "आजी, इट्स युवर अँग्री स्टुडंट!" बाई फोनवर यायच्या. त्यांचा पहिला प्रश्न एकच, "नळ आला का?"

"नाही, बाई. कंत्राटच अडकलंय."

"कोण अडवतंय? त्याचं काय म्हणणं आहे, विचारलंस?"

पुढच्या वेळी पुन्हा, "नळ आला का?"

"खणायला लागलेत."

"बघून ये. खणलेलं बघितल्याशिवाय खणलं म्हणू नये."

मी खरंच जायचे बघायला. चर वस्तीच्या दिशेने सरकत होता, आणि मी त्यांना सांगत होते कुठवर आला ते. गोऱ्यांच्या शेवटच्या घरापासून पेट्रोल पंपापर्यंत, पंपापासून दफनभूमीपर्यंत. त्या हिवाळ्यात, चर शाळेपाशी असताना, फोन मुलीनेच केला. बाई झोपेत गेल्या होत्या.

आमच्या पत्रकांत निषेध असतो, मागणी असते, इशारा असतो. आभार नसतात. मला ते लिहिता येत नाहीत. एवढंच सांगते, की राग हा माझ्याकडे आधीपासून होता, पण तो कशाला लावायचा हे मला बाईंनी शिकवलं. आणि दादाच्या हॉलमध्ये त्यांनी मला तपासायला सांगितलं होतं. मी त्या जाईपर्यंत तपासलं. मला त्यांच्यात लिंबाशिवाय काही सापडलं नाही.

नळ वसंतात आला. काउंटीला रिबीन कापायची होती, फोटो काढायचे होते. त्यांनी सोमवारची सकाळ ठरवली. वस्तीने नम्रपणे कळवलं की आम्हाला बुधवार संध्याकाळच सोयीची आहे.

गाणी झाली. जेवणाच्या हॉलमध्ये मिस लोटींनी नव्या नळातून एकेक प्लास्टिकचा पेला भरला. नातीचं बाळ आता पायांवर चालत होतं. तेही रांगेत उभं होतं, दोन्ही हात पुढे करून. सगळ्यांना पेले मिळेपर्यंत कुणी प्यायलं नाही. मला वाटलं पाद्री प्रार्थना म्हणतील. पण ते मिस लोटींकडे बघत होते.

मिस लोटींनी त्यांचा पेला छताच्या दिव्याकडे धरला. एक डोळा बारीक केला, पेला जरासा फिरवला. मग पहिल्या टेबलावरच्या माणसांनी धरला, मग मागच्यांनी, मग दारात उभ्या असलेल्यांनी. बघता बघता सगळा हॉल हात वर करून उभा होता, आणि छतावर पाण्यावरून परतलेल्या उजेडाचे ठिपके हलत होते. पोरग्याने वर बघितलं आणि त्यानेही त्याचा पेला उचलला. अर्धं पाणी त्याच्या बाहीत गेलं.

मीही धरला. माझ्या पेल्यात काही दिसलं नाही. तरी मी नीट बघितलं आणि मगच प्यायले.